पौषातलं मौन

माझे वडील पौष महिन्यात काम करत नसत. आंजीसारख्या गावात, जिथे त्या दिवसांत पऱ्हाटी पांढरी होऊन उभी असते आणि कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून वावरवाले सकाळीच दारोदार फिरतात, तिथे एक धडधाकट माणूस महिनाभर ओट्यावर उन्हात बसून राहतो, हे लोकांच्या पचनी पडणं कठीणच होतं. कोणी त्यांना आळशी म्हणे, कोणी महाराज म्हणे, आणि ज्यांचं वावर आमच्या वावराला लागून होतं ते देवरावकाका तर तोंडावरच म्हणत, "गणपत, तुयावाला देव बी भल्ला हुशार हाय गड्या. बराबर थंडीतच बलावते तुले." बाबा नुसते हसत. पौषातल्या सकाळी त्यांना हसायची मुभा होती, बोलायची नव्हती.

त्यांचं म्हणणं तसं साधं होतं. आमचं वावर नदीच्या अंगाला, भाजीपाल्याचं, आणि घरही वावरातच. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत वांगी, मेथी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, यांना चांगला उठाव असे. पुढे हिवाळा चढला की ज्याच्या-त्याच्या वावरात भाजी होते आणि वर्ध्याच्या बाजारात फुलकोबी ढोरांपुढे टाकायच्या लायकीची होते. मग बाबा मार्गशीर्षात शेवटची वांगी तोडून झाडं उपटून टाकत, जमीन वखरून उघडी ठेवत आणि पौष संपला की उन्हाळी काकडी, भेंडी, गवार लावायला घेत. मधला महिना जमिनीचा. "जमीन निजते, त मानसानं काऊन निजू नये?" असं ते विचारत. ही सोय अर्थात फक्त बाबांच्या अंगाला लागू होती. माय त्याच महिन्यात उजाडायच्या आत डोक्याला फडकं बांधून लोकांचा कापूस वेचायला निघायची. विसावा बाबांचा आणि वेचणी मायची. मला तेव्हा यात काही वावगं वाटलं नाही, आता वाटतं. पुढे कधीतरी मी मायला तसं विचारलंही. ती म्हणाली, "बाकीचे मयने त्यायनं बैलावानी काम केलं व. मंग बसले त बसले." तिला कधी बसावंसं वाटलं का, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बाबांचा आवाज बाजारात प्रसिद्ध होता. वर्ध्याच्या भाजीबाजारात त्यांनी "घ्या वांगे, घ्या" म्हणून हाळी दिली की पार रस्त्यापलीकडच्या दुकानात ऐकू जाई, असं लोक सांगत. स्वभावही तसाच, रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाला थांबवून त्याच्या मामाच्या गावापर्यंत पोचणारा. अशा माणसाने पौषाचा महिनाभर, झोपेतून उठल्यापासून सूर्य डोक्यावर येईपर्यंत, तोंड मिटून बसायचं ठरवलं होतं. कोणी गुरूने सांगितलं नव्हतं, नवस नव्हता. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "सुमे, अकरा मयने मी लोकायले आवाज देतो. एक मयना म्हटलं, पाहू कोनी आपल्याले आवाज देते का." मी विचारलं, "मंग देल्ला का कोनी?" ते म्हणाले, "नाई व. मनच भल्लं बडबड्या हाय. थेच बोलून राह्यलं सकाळपासून." त्यांचं अध्यात्म ते एवढंच. पोथ्या त्यांना वाचता येत नव्हत्या, अंगात काही येत नव्हतं. ते ओट्यावर बसत, मायने आणलेल्या कापसातली मूठभर रुई पुढ्यात घेत आणि मारोतीच्या देवळासाठी वाती वळत. बायकांचं काम करतो म्हणून त्याचीही थट्टा होई. पण वाती अशा एकसारख्या, बारीक आणि पिळाच्या, की देवळातले पुजारी दुसऱ्या कोणाच्या वाती घेत नसत.

मी चौदा वर्षांची होते, आईबापांना एकटीच, आणि बाबांच्या मौनाची राखण माझ्याकडे होती. मौन मोडायचा धोका सारखा असे. बकरी वावरात शिरली, रस्त्याने कोणी ओळखीचं गेलं, की बाबांचे ओठ हलायला लागत. तेव्हा त्यांनीच नियम केला होता की एक शब्द जरी निसटला तर तो सगळा दिवस, रात्री निजेपर्यंत, मौनात काढायचा. आणि मला सांगून ठेवलं होतं, "मी बोलायले गेलो का तू मले टोकजो बरं." या नियमाची खरी शिक्षा मला होती, कारण मी सकाळभर वाट पाहायची ती दुपारची. सूर्य डोक्यावर आला की बाबा उठून आळस देत आणि मोठ्याने म्हणत, "चाल व सुमे, जेवू!" सकाळचं तुंबलेलं सगळं बोलणं मग बाहेर येई. पौषात दुपारचा सैपाकही तेच करत. शेकोटीच्या इंगळात शेजारच्या वावरातली वांगी भाजून त्यात कच्चं तेल, कांद्याची पात आणि हिरवी मिरची घालून केलेलं भरीत, कधी तुरीच्या ओल्या दाण्यांची, म्हणजे सोल्यांची भाजी, आणि त्यांच्या हातच्या जाड, एका बाजूने करपलेल्या भाकरी. त्या भाकरींची चव मला नंतर कुठे मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर चव काही फार चांगली नव्हती. मजा त्यांच्या बोलण्याची होती. म्हणून मी राखणदार मोठी कडक होते. शब्द निसटायच्या आधीच मी त्यांना अडवायची. सुट्टीच्या दिवशी तर अर्धा दिवस पायरीवर बसून त्यांच्या तोंडाकडेच पाहत राहायची.

अलीकडे माझ्या फोनवर दर हिवाळ्यात संदेश येतात. धुकं, वाफाळलेला कप, आणि खाली लिहिलेलं असतं की हिवाळा हा थांबण्याचा, आत वळण्याचा ऋतू आहे. पाठवणाऱ्या बाया चांगल्या आहेत, माझ्या शाळेतल्या जुन्या सहकारी. मी त्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवते आणि फोन उपडा ठेवते.

माझ्या चौदाव्या वर्षीच्या पौषातला तो रविवार होता. संक्रांत होऊन दोन-चार दिवस झाले होते. देवळी गावच्या आत्याने तिळगुळाला बोलावलं होतं आणि जेवण झालं की बाबा मला घेऊन जाणार होते. आत्याकडे टीव्ही होता, त्यामुळे मी आदल्या दिवसापासून हवेत होते. थंडी भल्ली होती. माय वेचायला निघून गेली होती. चुलीवरच्या गंजातलं गरम पाणी घेऊन बाबांनी आंघोळ केली, कांबळं पांघरून ते ओट्यावर येऊन बसले आणि मी त्यांना चहा दिला. तो प्यायला त्यांनी बशी तोंडाला लावली आणि चहा एका बाजूने हनुवटीवरून खाली सांडला. मी हसले. म्हटलं, "बाबा, लहान लेकरू झाले का तुमी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी रुई घेतली. वात काही वळली जाईना. रुई उजव्या हातातून सुटून मांडीवर पडायची, ते परत उचलायचे, परत पडायची. एक वात झाली ती जाडीभरडी, पीळ सुटलेली. ती उचलून मी म्हणाले, "हे पाहा, मारोती घेनार नाई हे." मी पुन्हा हसले. बाबा आपल्या हाताकडे पाहत होते.

मग त्यांच्या तोंडातून आवाज आला. शब्द नव्हता तो, नुसता घशातून आलेला, ओढलेला आवाज. ते माझ्याकडे वळले, परत तसाच आवाज केला आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. मला वाटलं, आता हे बोलणार. रस्त्याने कोणी जात असेल, बकरी शिरली असेल, काहीतरी सांगायचं असेल, आणि एकदा बोलले की दिवसभर मौन, मग कसली देवळी अन् कसला टीव्ही. मी झटकन उठून माझा तळवा त्यांच्या तोंडावर दाबला. "बाबा, मौन! बोलू नका. देवळीले जायचं हाय ना आपल्याले!" माझ्या तळव्याखाली त्यांचे ओठ हलत होते. ते मला अजून जाणवतं. मी हात आणखी घट्ट धरला. थोड्या वेळाने ओठ हलायचे थांबले, मनगटावरची पकड सुटली आणि ते भिंतीला टेकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेकोटीला धूर फार होता त्या दिवशी, असं मी स्वतःला सांगितलं. मी त्यांच्या अंगावर कांबळं नीट सारखं केलं. म्हटलं, झोपू दे, झोपलेला माणूस मौन मोडत नाही. आणि मी बोरं वेचायला वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बोरींखाली गेले.

सूर्य डोक्यावर आला तरी हाक आली नाही. फ्रॉकच्या ओच्यात बोरं घेऊन मी परत आले. बाबा तसेच भिंतीला टेकून होते, डोळे उघडे. मी समोर उभी राहिले. "बाबा, झालं. बोला आता." ते माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी पुन्हा म्हटलं, "झालं ना बाबा, ऊन डोक्यावर आलं. बोला ना." तेव्हा मला दिसलं की त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं आहे. बोरं तिथेच टाकून मी धावले. माय कुठल्या वावरात वेचत होती तेही मला नीट ठाऊक नव्हतं. दोन वावरं चुकून तिसऱ्यात ती सापडली. देवरावकाकांनी बंडी जुंपली, गावात आल्यावर कोणाची तरी जीप मिळाली, आणि वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत उन्हं उतरायला लागली होती. तिथल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "हे कधीपासून आहे?" माय म्हणाली, "समजलंच नाई जी. त्यायचं मौन होतं." डॉक्टर म्हणाले, "मौन?" आणि त्यांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मी खाली फरशीकडे पाहत होते. तेव्हा बोलले असते तर बरं झालं असतं. कोणी मारलं असतं तरी बरं झालं असतं. मी बोलले नाही.

बाबा वाचले. उजवा हात छातीशी दुमडलेला राहिला, पाय ओढत चालता येऊ लागलं, वाचा मात्र परत आली नाही. एकच शब्द उरला होता, बाजारातला. पाणी पाहिजे असलं तरी "घ्या", दुखत असलं तरी "घ्या", कोणी भेटायला आलं की "घ्या, घ्या" आणि रडणं. गावाने मात्र त्याची कथा केली. त्या वर्षीच्या सप्त्यात कीर्तनकार बुवांनी बाबांचं उदाहरण दिलं की देवाला या भक्ताचं मौन इतकं आवडलं, की त्याने त्याची वाचाच मागून घेतली. बायांनी पदर डोळ्यांना लावले. माझ्या शेजारी बसलेल्या एकीने माझ्या पाठीवरून हात फिरवला, "भाग्यवान हायस पोट्टे." मला त्या बुवांचा इतका राग आला की मी प्रसाद न घेता घरी आले. देवाने काही मागून घेतलं नव्हतं. मी माझ्या हाताने त्यांचं तोंड दाबलं होतं, एका टीव्हीपायी, आणि ही गोष्ट या जगात दोनच माणसांना ठाऊक होती. त्यातल्या एकाला सांगता येत नव्हती आणि दुसरीची हिंमत होत नव्हती.

पुढे मी वर्ध्याला शिकायला गेले, वसतिगृहात राहिले, मग शिक्षिकेची नोकरी लागली. दिवाळीला घरी जायची, उन्हाळ्यात जायची. हिवाळ्यात जात नव्हते. कधी परीक्षा, कधी स्नेहसंमेलन, कधी नुसतंच "रजा नाई भेटत" असं चिठ्ठीत लिहून टाकायची. खरं कारण एवढंच, की पौषात बाबा ओट्यावर बसायचे आणि त्या ओट्यावर त्यांच्या नजरेला नजर द्यायची माझ्यात ताकद नव्हती. त्यांच्या डोळ्यांत काय असेल ते मी मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं. एक हिवाळा टळला की मला हायसं वाटे. असे बारा हिवाळे मी टाळले, आणि तेराव्याला, मार्गशीर्षातच, बाबा झोपेत गेले.

नंतर कितीतरी वर्षांनी ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं, की त्या काळात चार तास आधी नेलं असतं तरी फार काही करता आलं नसतं. त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी मान डोलावली. पण मला कधी औषधाची चुटपुट नव्हतीच. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, ते शेवटचं होतं आणि मी ते ऐकून घेतलं नाही, हे कुठला डॉक्टर काढून टाकणार?

मी निवृत्त झाले तेव्हापासून दर पौषात सकाळी तासभर गप्प बसून पाहते. नोकरीत असताना हिवाळ्यात मी स्वतःला मुद्दाम कामाला जुंपून घ्यायची, वह्यांचे गठ्ठे घरी आणायची. आता गठ्ठे नाहीत. खिडकीशी खुर्ची ओढते आणि डोळे मिटते. बाबांचं खरं होतं, मन भल्लं बडबड्या आहे. माझ्या मनाला तर बोलायला एकच विषय आहे. तरी बसते. पळून पाहिलं, त्याने काही झालं नाही.

माय आता माझ्याकडेच असते. कान शाबूत आहेत, डोळे मंद झालेत. गेल्या पौषात आम्ही दोघी गॅलरीत उन्हात बसलो होतो. ती सुपातली मेथी निवडत होती, म्हणजे तिच्या मते निवडत होती. माझा गप्प बसायचा तास नुकताच संपला होता आणि त्या दिवशी का कोण जाणे, मला पुढे ढकलवलं नाही. मी म्हटलं, "माय, तुले एक सांगाचं हाय. त्या दिवशी बाबा बोलाले पाहत होते. मी त्यायचं तोंड दाबलं होतं."

मायचे हात थांबले नाहीत. म्हणाली, "मले मालूम हाय."

"कसं?"

"त्यायले दवाखान्यातून आनलं, त्याच हप्त्यात तुले ताप चढला नोता का? तापात सारं बरळली तू. 'बाबा, बोलू नका, बोलू नका,' दोन दिवस हेच. तुये बाबा तुया उशापाशीच बसून होते. डाव्या हातानं पट्ट्या बदलून राह्यलते. मले हात नाई लावू देल्ला."

"मंग मले कोनी काऊन नाई सांगतलं?" माझा आवाज चढला. ऐंशी पार केलेल्या म्हातारीवर मी ओरडत होते.

"मी सांगनार होती. त्यायनं मान हालवली, नाई म्हून. मले बी वाटलं, पोट्टीले लाज वाटन. मंग तू शिकाले गेली, नोकरी लागली. राहून गेलं व."

मी तिच्याकडे सरकले. मग विचारलं, "रागात नोते का थे माह्यावर?"

"राग कायचा?" माय म्हणाली. "पौष लागला का ओट्यावर आपलं पोतं टाकत, आन बाजूले आनखी एक टाकत. शेजारची कोनी येऊन टेकली त्यावर, का तिले उठवून देत. 'घ्या, घ्या' करत आन वर्ध्याच्या रस्त्याकडं हात दाखवत. सुमी येते म्हून."

"दरसाल?"

"दरसाल."

"आन मी येत नोती तवा?"

मायने सुपातली एक काडी काढून बाजूला टाकली. "मी वेचून वापस येवो, तवा त्या पोत्याची घडी करून राहत. एका हातानं नीट होत नोती, त दुसरं टोक मी धरत होती."